भाकरीला जागायचे कुणी?

कुत्रा पाळायचा म्हणून जी माणसे प्राण्यांच्या आश्रयगृहात जातात, त्यांची पावले बहुधा पिलांच्या खोलीपाशी थांबतात. मुले जाळीतून बोटे आत घालतात, पिले ती चाटतात आणि निवड होऊन जाते. त्यापुढे दोन-तीन वर्षांचे, अंगाने भरलेले कुत्रे असतात. राखणीसाठी कुत्रा हवा असलेला एखादा गृहस्थ तेथे रेंगाळतो. सर्वांत शेवटी, भिंतीच्या कडेला, काही कुत्रे नुसते पडून असतात. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, डोळ्यांवर निळसर साय आलेली, मागच्या पायांत जोर उरलेला नाही. पाहुणे आले म्हणून ते उठत नाहीत. काहींना तर पाहुणे आल्याचे ऐकूच येत नाही. त्यांच्यापाशी कुणी थांबत नाही. थांबलेच तर ‘बिचारा!’ एवढे म्हणून पुढे सरकते.

या ‘बिचारा’ शब्दाविषयी मला थोडे लिहायचे आहे. शब्द वाईट नाही; मनात कणव असल्याखेरीज तो ओठांवर येत नाही. परंतु त्यात एक सोयही दडलेली आहे. ज्याला आपण बिचारा म्हणतो त्याचे आपण काही देणे लागतो, असे त्यातून मुळीच सूचित होत नाही. दया करावी की न करावी, हे आपल्या मर्जीवर राहते. म्हाताऱ्या, बेघर कुत्र्याच्या बाबतीत हा व्यवहार खरोखरच मर्जीचा आहे काय, हा प्रश्न आहे.

प्रथम हे कुत्रे तेथे येतात कोठून ते पाहू. काही रस्त्यावरच जन्मलेले असतात. त्यांचा विचार पुढे करू. उरलेल्यांना कधीकाळी घर होते, नाव होते, जेवणाचे स्वतःचे भांडे होते. मालक वारला आणि मुलांना कुत्रा नको होता. जुने घर पाडून इमारत उभी राहिली आणि नव्या सदनिकेत कुत्र्यापुरती जागा उरली नाही. कुत्र्याला मूत्रपिंडाचा विकार जडला आणि औषधांचा खर्च झेपेना. आपल्या समाजात याखेरीज आणखी एक कारण घरोघर सापडते. मुले परदेशी गेली. वसईच्या वाड्यांतून आणि गोव्याच्या गावांतून तरुण मंडळी आखाती देशांत गेली, कॅनडात गेली, ऑस्ट्रेलियात गेली. शाळकरी मुलाने हट्ट करून आणलेले पिलू दहा-बारा वर्षांत म्हातारे होते. तेवढ्याच अवधीत तो मुलगाही मोठा होऊन विमानात बसतो. आईवडील मागे राहतात आणि त्यांच्यापाशी कुत्रा. पुढे दोघांपैकी एक जण देवाघरी जातो, दुसऱ्याला मुलगी आपल्या घरी नेते किंवा वृद्धाश्रमात ठेवावे लागते. घराला कुलूप लागायच्या दिवशी क्रूसाची नि संतांच्या तसबिरींची काळजीपूर्वक बांधाबांध होते, कपाटे नातलगांत वाटली जातात, नारळीच्या झाडांची देखभाल कुणी करायची हेही ठरते. कुत्र्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. यात कुणी दुष्ट असतो असे नाही. प्रत्येकाला वाटत असते की, दुसऱ्याने काहीतरी व्यवस्था केली असेल.

होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात अशा घरातील एका कुत्र्याची कथा आहे. इथाकाचा राजा ओडिसिअस युद्ध आणि समुद्रप्रवास यांत वीस वर्षे घालवून भिकाऱ्याच्या वेषात परत येतो. त्याने स्वतः वाढवलेला आर्गोस हा शिकारी कुत्रा दाराबाहेर शेणखताच्या ढिगावर, गोचिडांनी भरलेल्या अंगाने पडलेला असतो. धन्याची चाहूल ओळखून तो शेपटी हलवतो, कान पाडतो. परंतु उठून जवळ येण्याचे बळ त्याच्यात नसते. ओळख फुटू नये म्हणून राजा तोंड फिरवून डोळे पुसतो आणि आत जातो. इकडे कुत्रा प्राण सोडतो. या प्रसंगात वाचकांना कुत्र्याची निष्ठा दिसते, आणि ती आहेच. मला मात्र तेथे उभ्या असलेल्या डुकरे राखणाऱ्या वृद्ध चाकराचे म्हणणे अधिक महत्त्वाचे वाटते. तो सांगतो की, धनी दूर असला म्हणजे नोकरमाणसे कामात कुचराई करतात, म्हणून या कुत्र्याकडे कुणी पाहिले नाही. कुत्र्यावर कुणाचा राग नव्हता. त्याची जबाबदारी ज्याची होती तो समुद्रापलीकडे होता, एवढेच. आजच्या ओडिसिअसला निदान फोनच्या पडद्यावर आपले अंगण रोज दिसते. त्याला सबब थोडी कमी आहे.

तेव्हा, अशा कुत्र्याचे कुणी काही लागते काय? हा प्रश्न आजचा नाही. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात रोममध्ये थोरला केटो नावाचा अतिशय काटकसरी, करडा पुढारी होऊन गेला. शेतीवरच्या आपल्या ग्रंथात त्याने जमीनमालकाला सल्ला दिला आहे की, म्हातारे बैल, मोडकी अवजारे, वृद्ध गुलाम आणि आजारी गुलाम विकून टाकावेत. त्याला ही एकाच जातीची अडगळ वाटत होती. पुढे सुमारे अडीचशे वर्षांनी ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने केटोचे चरित्र लिहिले. या ठिकाणी येताच त्याने आपले कथन थांबवून केटोला खडे बोल सुनावले आहेत. प्लुटार्कच्या मते जिवंत प्राणी म्हणजे झिजल्यावर फेकून द्यायच्या वहाणा किंवा भांडी नव्हेत. भल्या माणसाने आपल्या घोड्या-कुत्र्यांना ते लहान असतानाच नव्हे, तर म्हातारे झाल्यावरही सांभाळले पाहिजे. त्याने दाखलेही दिले आहेत. अथेन्सच्या मोठ्या मंदिराच्या बांधकामावर राबलेल्या खेचरांना नागरिकांनी पुढे कामातून मुक्त करून मोकळे चरायला सोडले. त्यांतले एक खेचर आपण होऊन कामावर येई आणि ओझी ओढणाऱ्या जनावरांच्या पुढे चाले, तेव्हा त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने पोसावे असा ठराव झाला. ख्रिस्तपूर्व ४८० साली शहर सोडून लोक गलबतांतून निघाले तेव्हा झांथिप्पसचा कुत्रा धन्याच्या गलबताच्या कडेने पोहत सालामिसला गेला आणि किनाऱ्याला लागताच मरण पावला. धन्याने त्याला तेथे पुरले आणि ती जागा पुढे कुत्र्याची समाधी म्हणूनच ओळखली गेली.

दाखले उत्तम आहेत. परंतु प्लुटार्कने त्यांना जो आधार दिला तो मला पुरेसा वाटत नाही. त्याचे म्हणणे असे की, न्याय माणसामाणसांतच असतो; दया मात्र एखाद्या भरलेल्या झऱ्यासारखी न्यायाच्या सीमेपलीकडे, मुक्या प्राण्यांपर्यंत वाहते. म्हणजे पुन्हा ‘बिचारा’च. झरा भरलेला असेल तर वाहील, आटला असेल तर कुणाची तक्रार नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत प्लुटार्कपेक्षा नेमका शब्द घडवला आहे. आपण म्हणतो, कुत्रा भाकरीला जागतो. खाल्ल्या अन्नाचे ऋण तो विसरत नाही. म्हणजे माणूस आणि कुत्रा यांच्यात देण्या-घेण्याचा काही व्यवहार आहे, हे आपल्या वाडवडिलांनी मान्य केलेलेच आहे. फक्त त्या व्यवहाराची एकच बाजू म्हणीत उतरली. कुत्रा आमच्या भाकरीला जागला, इथपर्यंत आपण बोलतो. त्याने दिलेल्या वर्षांना आम्ही जागलो काय, हे बोलत नाही. आणि हीच भाषा वाईटात वाईट मरणाला कुत्र्याचे मरण म्हणते. सर्वांत इमानी प्राण्याचे नाव सर्वांत बेवारस मरणाला मिळावे, हे आपल्या बाजूने व्यवहार कसा झाला त्याचेच प्रमाणपत्र आहे.

ऋण कसले, ते जरा सविस्तर पाहिले पाहिजे. राखण, मुलांची सोबत, रात्री-अपरात्री भुंकून दिलेली सूचना, या गोष्टी आहेतच. पण माझ्या मते मूळ ऋण त्याहून खोल आहे. लांडग्याच्या कुळातील एका प्राण्याला माणसाने हजारो वर्षे आपल्या चुलीजवळ ठेवले आणि त्याचा कुत्रा केला. तो आपले हावभाव वाचतो, आपल्या बोटाच्या दिशेने पाहतो. पण रानात जगण्याची विद्या तो पुष्कळशी विसरला. जातीच्या इतिहासाचे हे सोडून देऊ. प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या आयुष्यात हेच पुन्हा एकदा घडते. दीड-दोन महिन्यांचे पिलू आपण आईपासून वेगळे करतो. त्याने कोठे झोपावे, काय खावे, केव्हा बाहेर जावे, हे आपण ठरवतो. त्याने आपल्याला निवडलेले नसते. दहा वर्षे असे काढल्यावर आपल्यावाचून जगणे त्याला अशक्य होऊन बसते, आणि ते अशक्य आपणच केलेले असते. अशा कुत्र्याला गाडीत घालून दूरच्या मासळीबाजारापाशी किंवा समुद्रकिनारी नेऊन सोडले जाते. लोक त्याला ‘मोकळा सोडला’ असे म्हणतात. पंधरा वर्षांच्या संधिवाताने वाकलेल्या प्राण्याला या मोकळेपणाचे काय करायचे असते ते बोलणाऱ्यालाच ठाऊक.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिरापुढे असाच पेच येतो. स्वर्गाचा रथ दारात उभा आहे आणि वाटेत मागे लागलेल्या कुत्र्याला सोडल्याशिवाय आत प्रवेश नाही. तो ज्या कारणासाठी स्वर्ग नाकारतो ते लक्षात घेण्यासारखे आहे. कुत्रा गोजिरवाणा आहे किंवा त्याची दया येते, असे तो म्हणत नाही. जो निष्ठेने आपल्या आश्रयाला आला त्याला टाकणे हे महापातक आहे, असे तो म्हणतो. तोबितच्या ग्रंथातही तरुण तोबिया देवदूताबरोबर प्रवासाला निघतो तेव्हा घरचा कुत्रा मागोमाग जातो आणि परतीच्या वाटेवरही तो बरोबर असतो. त्या कुत्र्याने काही काम केल्याचे ग्रंथकर्ता सांगत नाही. तो त्या घरचा होता, म्हणून गेला आणि म्हणून परत आला.

येथे एखादा श्रद्धावंत वाचक थांबवील आणि विचारील की, माणसे उपाशी असताना कुत्र्यांच्या म्हातारपणाची चर्चा शोभते काय? आक्षेप हलका नाही आणि तो ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतूनच येतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी जी मोजकी कलमे आहेत त्यांत स्पष्ट सांगितले आहे की, माणसांच्या दैन्यावर प्रथम खर्च व्हायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणे माणसाला शोभत नाही आणि केवळ माणसाला द्यायचे प्रेम त्यांना देऊ नये. ज्यांनी असिसीच्या संताचे नाव धारण केले आणि २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रातून सृष्टीच्या जतनाविषयी जगाला आवाहन केले, त्या पोप फ्रान्सिस यांनीच जानेवारी २०२२मध्ये मुलांऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या दांपत्यांवर टीका केली होती. त्या टीकेवर पुष्कळ प्राणिप्रेमी रागावले. मला ती योग्यच वाटते. कुत्र्याचा वाढदिवस केक कापून साजरा करणाऱ्या आणि दारावरच्या कामवाल्या बाईला चहा वेगळ्या कपात देणाऱ्या घरात मी बसलेलो आहे. त्या घरात प्राण्यांवरचे प्रेम उतू जात होते, पण त्याचा धर्माशी किंवा नीतीशी संबंध लावणे कठीण आहे.

परंतु त्याच धर्मशिक्षणग्रंथात, त्याच ठिकाणी, आणखी एक गोष्ट आहे. प्राणी आपल्या अस्तित्वानेच निर्मात्याचा गौरव करतात आणि म्हणून माणूस त्यांच्याशी दयाळूपणे वागण्याचे देणे लागतो, असे तेथे म्हटले आहे. दया हेच देणे. प्लुटार्कला जो सांधा जुळवता आला नव्हता तो येथे जुळलेला दिसतो. एकदा हे देणे आहे असे मानले म्हणजे आक्षेपाचे स्वरूप बदलते. दान कुणाला प्रथम द्यावे याचा क्रम लावता येतो आणि त्या क्रमात माणूस नेहमीच आधी. पण देण्याचा हिशेब वेगळा असतो. वाण्याची उधारी बुडवून ती रक्कम चर्चच्या दानपेटीत टाकणाऱ्याला आपण दानशूर म्हणत नाही. ज्याने बारा वर्षे कुत्रा पाळला तो त्याच्या म्हातारपणाचे अन्न आणि औषध गरिबांच्या नावावर वाचवू शकत नाही. त्याचे गरिबांचे देणे शिल्लक राहतेच आणि कुत्र्याचेही.

अर्थात देण्याला मर्यादाही असते. वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया आणि कुत्र्याची शस्त्रक्रिया एकाच महिन्यात आली तर कोणती करायची याविषयी मला शंका नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला लाखो रुपयांचे उपचार देऊन त्याचे दिवस लांबवावेत असेही कुणी मागत नाही. त्याला पोटभर मऊ अन्न, कोरडी जागा, वेदनेवर औषध आणि ओळखीचा एखादा हात हवा असतो. अति झालेल्या आणि बऱ्या न होणाऱ्या वेदनेत पशुवैद्याच्या सुईने त्याला सोडवावे काय, हा प्रश्न पुष्कळांना छळतो. माणसाच्या बाबतीत ख्रिस्तसभेचे उत्तर ठाम आहे. प्राणी मात्र आपल्या राखणीला दिलेले आहेत, आणि त्यांची निरर्थक तडफड थांबवणे हा त्या राखणीचाच भाग आहे, असे मी मानतो. पण तीच सुई ‘आम्ही पुढच्या आठवड्यात मेलबर्नला जातोय’ म्हणून मागितली जाते, तेव्हा तिला दया म्हणू नये. पशुवैद्यांना अशी मागणी अपरिचित नाही.

आता रस्त्यावरच्या कुत्र्याविषयी. त्याला कुणी घरी आणले नाही, तेव्हा त्याचे देणे कुणावर? मला वाटते, ते आळीवर आहे, थोडे थोडे, सर्वांवर. त्याने ज्यांचे खरकटे खाल्ले त्यांच्याच अंगणापुढे तो रात्री भुंकला. सरकारच्या २०२३च्या नियमांत अशा कुत्र्याला समाजाचा प्राणी असेच धरले आहे. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याला जेथून उचलले तेथेच सोडावे, असा तो नियम. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणचे कुत्रे उचलून पुन्हा तेथे न सोडता आश्रयगृहांत ठेवण्याचा आदेश दिला. त्यामागची चिंता खोटी नाही. रेबीज एकदा अंगात उतरला की त्यावर उपाय नाही, आणि चावलेले मूल ज्या आईचे असते तिला कुत्र्याच्या निष्ठेच्या गोष्टी सांगून चालत नाही. मात्र स्थानकाच्या बाकाखाली दहा वर्षे काढलेला कुत्रा अनोळखी कळपात कोंडला गेला की, तरुण कुत्रे त्याला अन्नापाशी येऊ देत नाहीत. आश्रयगृहांवरचा भार जेवढा वाढेल तेवढी त्यातील म्हाताऱ्यांची स्थिती आधी ढासळेल.

कायद्याची दुसरी बाजूही सांगतो. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम होती. आज तेवढ्यात कुत्र्याला घेऊन जाणाऱ्या रिक्षाचेही पुरते भाडे भागत नाही.

मुंबईला या विषयाचा जुना इतिहास आहे, तो आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही. भटके कुत्रे मारण्याच्या इंग्रज सरकारच्या मोहिमेवरून १८३२ साली येथे पारशी आणि इतर समाजांनी दंगल केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अन्य व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरपोळ निघाली, ती मारले जाणारे कुत्रे आणि अन्य निराधार जनावरे यांच्यासाठी. हाच पांजरपोळ शब्द पुढे मराठीत थट्टेचा झाला. निवृत्तीच्या वयाची माणसे एखाद्या कार्यालयात भरलेली असली म्हणजे ‘ही काय पांजरपोळ आहे?’ असे विचारले जाते. निरुपयोगी जिवांना सांभाळणारी जागा ही हसण्याची गोष्ट वाटू लागली, तेव्हा त्या हसण्यात कुत्र्यांबरोबर आपले आजी-आजोबाही आलेच.

आश्रयगृहांना मदत करायची म्हणजे काय करायचे, याविषयी आपल्याकडे कल्पना धूसर आहेत. लोक बिस्किटांचे पुडे घेऊन जातात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडात धड दात नसतात आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर ती बिस्किटे त्याला अपायच करतात. त्याला उघड्या फरशीवर झोपवले की कोपरांना आणि नितंबांना घट्टे पडून जखमा होतात. जुन्या साड्यांच्या गोधड्या, सतरंज्या, गोणपाटाच्या घड्या यांचा तेथे खरा उपयोग असतो. गुळगुळीत लादीवर त्याचे मागचे पाय फाकतात, म्हणून रबरी चटया लागतात. रक्ततपासणीचे पैसे लागतात, कारण नुसते पाहून त्याचा विकार कळत नाही. शिवाय वेळ लागतो. वृद्ध कुत्र्यांपैकी काहींची स्मृती ढळते. रात्र आणि दिवस यांची उलटापालट होते, तो कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, दाराच्या उघडणाऱ्या बाजूऐवजी बिजागरीच्या बाजूला उभा राहून दार उघडण्याची वाट पाहतो. शंभर कुत्र्यांमागे चार कामकरी असतील तर त्यातला कुणी येऊन त्याला वळवील, ही अपेक्षा कशी करायची?

म्हणूनच अमेरिकेत जे प्रयोग झाले त्यांतील काही मला अनुकरणीय वाटतात. तेथेही आश्रयगृहात म्हातारे कुत्रे मागे पडत आणि जागेअभावी मारले जात. २००७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे शेरी फ्रँकलिन या बाईंनी ‘मटव्हिल’ ही केवळ सात वर्षांवरील कुत्र्यांसाठी संस्था काढली. बासष्ट वर्षांवरील माणसांना तेथून कुत्रा नेताना शुल्क द्यावे लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला पिलाची धावपळ झेपत नाही आणि म्हाताऱ्या कुत्र्याला तिचे सुख नसते, या साध्या निरीक्षणावर ती योजना उभी आहे. पुढच्याच वर्षी ‘ग्रे मझल’ नावाची दुसरी संस्था निघाली. पांढऱ्या तोंडाचा, असा त्या नावाचा अर्थ. ती स्वतः एकही कुत्रा ठेवत नाही. देशभरातील आश्रयगृहांना वृद्ध कुत्र्यांपुरता निधी देते. त्यातला बराचसा दातांवर खर्च होतो. वाचताना हसू येईल, पण कारण व्यवहारी आहे. सडलेल्या दातांच्या कुत्र्याच्या तोंडाला दुर्गंधी येते, तो नीट खात नाही, दुखल्यामुळे गुरगुरतो आणि कुणी त्याला नेत नाही. दात काढले की, तोच कुत्रा महिन्याभरात माणसाळतो.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. ज्या कुत्र्याचे थोडेच महिने उरलेले आहेत त्याला एखाद्या कुटुंबाकडे शेवटपर्यंत राहायला दिले जाते. औषधाचा आणि वैद्याचा खर्च संस्था करते. कुटुंबाने फक्त घराचा एक कोपरा आणि थोडे लक्ष द्यायचे. यात पैशाचा प्रश्न मोठाच सुटतो, कारण ज्यांच्याकडे पैसे नाहीत पण जागा आणि माणसे आहेत, तेही मदत करू शकतात. आपल्या गावांत अंगणे अजून शिल्लक आहेत. दुपारभर एकट्या बसणाऱ्या वृद्धाही पुष्कळ आहेत. ‘मरणारच आहे त्याला घरी आणून जीव का लावायचा?’ असे कुणी म्हणेल. मरणाऱ्या माणसांच्या उशाशी बसणाऱ्या धर्मभगिनींनाही लोक असे विचारतात. त्या काय उत्तर देतात ते त्यांनाच विचारावे.

मात्र आश्रयगृहाला सर्वांत मोठी मदत म्हणजे कुत्रा तेथपर्यंत पोहोचूच न देणे. आमच्या धर्मग्रामातील एका विधवा बाईंनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तीन वर्षे लांबवली. मुलगा परदेशी, मुलगी नाशिकला. दोघेही पैसे पाठवायला तयार होते. बाई रोज नवी सबब सांगत. अखेर संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे दोन सभासद नेहमीप्रमाणे घरी भेटीला गेले असता खरे कारण बाहेर आले. घरात चौदा वर्षांचा पॉमेरेनियन कुत्रा होता, दिवसातून दोनदा गोळी घेणारा आणि परक्याच्या हातून न खाणारा. आपण इस्पितळातून परतलो नाही तर त्याचे काय, या प्रश्नाने बाई अडून बसल्या होत्या. सभासदांना प्रथम हे चमत्कारिक वाटले. मग त्यातल्या एकाने शेजारच्या भाजीवाल्या बाईंना बोलावून आणले. त्या आठ दिवस रोज संध्याकाळी येऊन, कुत्र्याशेजारी बसून, भातात गोळी कुस्करून द्यायला शिकल्या. आठव्या दिवशी त्याने त्यांच्या हातून खाल्ले. शस्त्रक्रिया दुसऱ्या सोमवारी झाली.

त्यानंतर बाईंनी एका वहीच्या कागदावर कुत्र्याचे नाव, वय, गोळीचे नाव, पशुवैद्याचा पत्ता आणि आपल्यामागे त्याला कुणी न्यायचे ते लिहून काढले, खाली भाजीवाल्या बाईंचा अंगठा घेतला आणि तो कागद घराच्या कागदपत्रांच्याच पिशवीत ठेवला. मुलाला तो फोनवर वाचून दाखवला. त्याने दरमहा गोळ्यांचे पैसे भाजीवाल्या बाईंच्या खात्यावर पाठवण्याचे कबूल केले आहे.